चोचीविना किटली

शारजाच्या तेरा नंबर इंडस्ट्रियल एरियात
मी बाटल्यांची झाकणं तपासतो.
पट्ट्यावरून मिनिटाला दोनशे येतात.
तिरकं दिसलं की बोटाने उडवायचं
खालच्या लाल टबात.
नऊ वर्षं झाली. बोटालाच आता डोळा फुटलाय.

म्हणून मोईदूच्या कॅफेटेरियात
पाचाची नोट मोडून चार दिरहम परत आले
तेव्हा बोट आपोआप एकावर अडलं.
किटली सरकली होती.
दिरहमवरची ती अरबी किटली,
तिची ऐटबाज चोच
नाण्याबाहेर कुठेतरी राहून गेलेली,
आणि दुसऱ्या अंगाला कोरी चंद्रकोर,
नखाएवढी,
जिच्यावर कुणी काहीच लिहिलं नव्हतं.

खोटं दिलंस, मोईदू.
तो हसला. चहा खरा होता ना?

गावी असलं नाणं आई वेगळं काढायची,
आरतीच्या ताटात टाकायला.
देव कुठे वाजवून बघतो?

इथे देव जवळ नाही, म्हणून रोल्याला गेलो,
मागच्या गल्लीत, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या
बेहरूझ लारीकडे.
त्याने भिंग डोळ्यात बसवलं,
कड फिरवून पाहिली, काट्यावर तोललं,
पुन्हा पाहिलं.
ठोकलेलं नाही, घासलेलं नाही, म्हणाला,
टाकसाळीतच, छाप पडताना चकती हलली.
नऊशे देतो.
मी गप्प.
बरं, अकराशे.

एका दिरहमचे! तेही चुकलेल्या?

चुका पुष्कळ होतात, तो म्हणाला,
तिथेही तुझ्यासारखा कुणी बसलेला असतो.
सापडली की पुन्हा भट्टीत.
ही त्याच्या हातून निसटली.
मी निसटण्याचे पैसे देतो.

तेव्हा मला खिशातलं कार्ड आठवलं.
मी जालिंदर पोकळे.
कार्डावर जलंधर, आणि पुढे पोकाले.
पनवेलच्या एजंटाने घाईत लिहिलं,
टायपिंग सेंटरातल्या पोराने ते जपून उतरवलं,
आणि आता साहेब, सुपरवायझर, दवाखाना,
सगळे ज्याला हाक मारतात
तो माणूस आमच्या गावात जन्मलाच नाही.
अण्णा गेले तेव्हा या दोन नावांपायी
मला विमानतळावर बसवून ठेवलं.
हा तू आणि हा तू, एकच कसा?
विमान गेलं. दुसरं मिळालं तिसऱ्या दिवशी.
पोचलो तर सावडून झालं होतं.
दुरुस्तीची फी साडेसहाशे, वर दोन चकरा, दोन खाडे.
मला कुणी काट्यावर ठेवलं नाही,
भिंग लावून म्हटलं नाही
की हा ठोकलेला नाही, घासलेला नाही,
छाप पडतानाच हललाय.

नाणं अजून विकलेलं नाही.
बेहरूझ दर शुक्रवारी पन्नास वाढवतो
आणि वर शिवी देतो, फारसीत, म्हणून ती गोड लागते.
कांचन फोनवर म्हणते, अहो, विका की,
बोअरच्या मोटरला तेवढीच भर.
बरोबर आहे तिचं.
ते मोज्यात आहे, मोजा पत्र्याच्या पेटीत.
रात्री खोलीतले पाचही जण घोरायला लागले
की मी अंधारात त्या कोऱ्या कोरीवरून अंगठा फिरवतो.

काल रात्रपाळीला
पहाटे तीनच्या सुमारास एक झाकण आलं,
आटे एका बाजूला चढलेले,
वरचं अक्षर कडेवरून घरंगळलेलं.
बोट उचललं.
तसंच ठेवलं.
ते गेलं माझ्यासमोरून,
बाटलीवर बसलं, सहाच्या गठ्ठ्यात शिरलं,
ट्रकमधून फुजैराला गेलं की खोरफक्कानला, कोण जाणे.
उन्हात कुणी तहानलेला ते फिरवेल,
फिरणार नाही, मग दातांनी उघडेल,
कंपनीच्या नावाने चार शब्द बोलेल
आणि फेकून देईल.
बहुतेक फेकूनच देईल.